गाडीचा कूलिंग फॅन फिरत नाही, मोटार बदलली, सेन्सर बदलला, तरी बर्डीत उभं राहिलं की काटा वर

मानेवाडा चौक
२० मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन आठवडे झाले, या गाडीनं जीव खाल्ला आहे, म्हणून शेवटी धागा काढतो.

गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, ८६ हजार किलोमीटर झालेली. रेडिएटरला एकच फॅन, एसीसाठीही तोच. हायवेला काही त्रास नाही. परवा भर दुपारी बुटीबोरीला जाऊन आलो, टेंपरेचरचा काटा मधल्या रेघेवरून हलला नाही. पण नागपूरच्या बर्डीत (सीताबर्डी) शिरलो आणि व्हरायटी चौकाच्या सिग्नलला अडकलो की पाच-सात मिनिटांत काटा चढतो, एसीतून कोमट हवा येते. गाडी चालायला लागली की पुन्हा खाली. बॉनेट उघडून पाहिलं तर फॅन बंद असतो, नाहीतर रडत-रडत फिरत असतो, जसा व्होल्टेज पडल्यावर घरचा पंखा फिरतो तसा. सकाळी गाडी थंड असताना मात्र एखाद्या दिवशी नीट फिरतो.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. पहिल्या गॅरेजात फॅनचा रिले, म्हणजे फॅनला करंट देणारा स्विच, काढून त्याच्या सॉकेटात वायरचा तुकडा टाकून पाहिला. फॅन फिरला नाही, म्हणून मोटार गेली असं ठरलं. मोटार बदलली, ३,८०० रुपये. दोन दिवस बरं चाललं, मग तेच. दुसऱ्याकडे गेलो, त्यानं टेंपरेचर सेन्सर बदलला, ९०० रुपये. फरक शून्य. आता तो म्हणतो, "फॅन डायरेक्ट करून देतो, डॅशबोर्डवर बटण लावतो, गरम झाली की दाबायचं."

आईला दर आठवड्याला रामदासपेठेत दवाखान्यात न्यावं लागतं. ४५ डिग्रीत तिला घेऊन रस्त्यात अडकायची भीती वाटते. बटण लावून घेऊ का? की अजून काही तपासायचं राहिलं आहे?


तर्री पोहा
२० मे, रात्री १०:०५

थर्मोस्टॅट काढून फेका भाऊ. आपल्या विदर्भाच्या उन्हात त्याचं कामच काय? माझ्या जुन्या गाडीतून काढला तेव्हापासून काटा कधी वर गेला नाही.


उमरेड रोड
२० मे, रात्री १०:३०

@तर्री पोहा, भाऊ, हा सल्ला नका देऊ. थर्मोस्टॅट म्हणजे रेडिएटरकडे जाणारा कूलंटचा व्हॉल्व्ह, तो ८२ ते ८८ डिग्रीच्या आसपास उघडतो. उघडल्यावर तो असला काय नि नसला काय, कूलंट रेडिएटरमधून जाणारच. काढून टाकला तर हायवेवर इंजिन पाहिजे तितकं तापत नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन अजून थंडच आहे. यांची गाडी हायवेला बरोबर चालते म्हणजे थर्मोस्टॅट उघडतो आहे, पंपही पाणी फिरवतो आहे. गडबड फक्त उभ्या गाडीत आहे, म्हणजे हवेची आहे. हवा म्हणजे फॅन.


बुटीबोरी शिफ्ट
२० मे, रात्री ११:१२

बटण लावू नका एवढंच सांगतो. माझ्या मेव्हण्यानं लावलं होतं. फोनवर बोलता-बोलता दाबायचं विसरला, इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलं. हेड फेसिंग, गॅस्केट, मजुरी, सगळं मिळून मोटारीच्या कितीतरी पट खर्च आला.


कोराडीचे काका
२१ मे, सकाळी ६:५०

मानेवाडाभाऊ, तुमचं लिहिणं नीट वाचलं. मी कोराडीच्या वीज केंद्रात ३१ वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये काढली. गाड्यांचा मेकॅनिक नाही, पण १२ व्होल्ट असो की ४०० केव्ही, वीज आपला नियम सोडत नाही. तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींवर मी अडकलो. फॅन "रडत-रडत" फिरतो, आणि मोटार बदलल्यावर दोन दिवस बरं चाललं. आत्ताच नाव घेत नाही, आधी मोजू या. तुमचे ४,७०० रुपये न मोजता गेले. आता मोजल्याशिवाय एक रुपया काढू नका.

आधी जपायचं काय ते. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. झाकणाच्या प्रेशरमुळे आतलं कूलंट १०० च्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण सैल केलं की त्याच क्षणी उकळून अंगावर येतं. दुसरं, फॅनच्या पात्यांत हात घालायचा नाही, इंजिन बंद असलं तरी. की ऑन असेल तर फॅन न सांगता सुरू होऊ शकतो. आणि रस्त्यात काटा चढलाच तर एसी बंद करा, काचा खाली करा, हीटर फुल गरमवर लावा. उन्हाळ्यात जिवावर येतं, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच आहे, इंजिनची थोडी उष्णता तो ओढून घेतो. तरी उतरला नाही तर बाजूला घेऊन इंजिन बंद.

आता सर्किट समजून घ्या, म्हणजे कुणी काही सांगितलं तरी तुम्हाला पडताळता येईल. यात दोन रस्ते आहेत. एक जाड वायरचा, ताकदीचा: बॅटरी, मोठा फ्यूज, रिलेची ३० नंबरची पिन, आतला कॉन्टॅक्ट, ८७ नंबरची पिन, फॅनचा कपलर (वायरी जोडायचा प्लग), मोटार, आणि मोटारीपासून बॉडीचा अर्थ. दुसरा बारीक वायरचा, हुकुमाचा: सेन्सर ईसीयूला तापमान सांगतो, ईसीयू रिलेच्या कॉइलला, म्हणजे ८५-८६ नंबरच्या पिनांना, करंट मिळू देतो. कॉइल ओढली की टिक असा आवाज येतो आणि ३० नंबर ८७ ला जोडला जातो.

बिघाड हुकुमात आहे की ताकदीत, हे पहिल्यांदा ठरवायचं. इंजिन बंद, गाडी थंड. टेंपरेचर सेन्सरचा कपलर काढा आणि की ऑन करा. बहुतेक गाड्यांत सेन्सर तुटला असं दिसताच ईसीयू सावधगिरी म्हणून फॅन सुरू करतो. रिलेवर बोट ठेवा. टिक आली का सांगा. नंतर चेक इंजिनचा दिवा लागेल, घाबरू नका, तो कोड पुसता येतो.


मानेवाडा चौक
२१ मे, सकाळी ९:२०

काका, मनापासून धन्यवाद. आत्ताच करून पाहिलं. टिक आली, बोटाला स्पष्ट जाणवली. फॅन मात्र जेमतेम हलला.


कोराडीचे काका
२१ मे, सकाळी ९:४५

म्हणजे सेन्सर, ईसीयू, कॉइल, बारीक वायर, सगळं एका झटक्यात सुटलं. जुना सेन्सरही चांगलाच असणार, सांभाळून ठेवा. आता फक्त जाड रस्ता उरला.

मल्टिमीटर घ्या, २० व्होल्ट डीसीवर ठेवा. फॅनच्या कपलरवर किती व्होल्ट येतात ते सांगा.


मानेवाडा चौक
२१ मे, सकाळी १०:३०

कपलर काढून त्याच्या दोन पिनांत मोजलं. १२.३. बॅटरीवरही १२.४ आहे.


बुटीबोरी शिफ्ट
२१ मे, सकाळी १०:४१

मग विषय संपला न जी. बारा व्होल्ट येऊन राहिले, फॅन फिरून नाही राहिला, म्हणजे नवीन मोटारच खराब निघाली. परत करा.


संत्रानगरी
२१ मे, सकाळी १०:५८

मलाही हेच वाटतं. व्होल्टेज आहे म्हणजे लाइन क्लिअर.


कोराडीचे काका
२१ मे, दुपारी १२:१५

थांबा मंडळी. इथंच सगळे फसतात, गॅरेजवालेही इथंच फसले. कपलर काढून मोजलेले १२ व्होल्ट फक्त इतकंच सांगतात की वायर पूर्ण तुटलेली नाही. ती वायर दहा अँपिअर वाहून नेऊ शकते की नाही, याबद्दल ते एक अक्षर सांगत नाहीत.

आपल्याकडे घरोघरी कूलर आहेत, तिथलंच उदाहरण घ्या. एप्रिलमध्ये कूलर काढतो, बोर्डात पिन घालतो, कूलर घुंगुं करतो पण पंखा वेग घेत नाही. टेस्टर लावला तर लख्ख पेटतो. सप्लाय आहे, मग कूलरची मोटार गेली म्हणून आपण तो उचलून दुकानात नेतो. तिथं तो भन्नाट फिरतो. घरी येऊन प्लग ओढून पाहावा तर पिन काळी, सॉकेट तपकिरी. सॉकेटची पत्ती ढिली झालेली असते. टेस्टरला नावापुरता करंट लागतो, तेवढा ढिल्या पत्तीतूनही जातो. मोटारीला खरा करंट लागतो, तो तिथं अडतो आणि तिथंच उष्णता होते.

मीटर म्हणजे टेस्टरचाच भाऊ. त्याचा आतला रेझिस्टन्स साधारण दहा मेगाओम असतो, तो करंट ओढतच नाही. वाटेत दोन ओमचा खराब जोड असला तरी मीटर बाराच दाखवणार. त्याच जोडातून पाच अँपिअर जाऊ द्या, दहा व्होल्ट तिथंच खर्च होतील.

म्हणून भार चालू असताना मोजायचं. कपलर जोडून ठेवा, सेन्सरचा कपलर काढलेलाच राहू द्या, की ऑन. फॅनच्या कपलरच्या मागच्या बाजूनं, वायर जिथून आत शिरते तिथून, बारीक सेफ्टी पिन सरकवा आणि मीटर तिला लावा. वायरचं इन्सुलेशन टोचू नका, पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या वर्षी नवं दुखणं होतं. तीन आकडे पाहिजेत:

फॅनच्या दोन वायरींमध्ये किती.
बॅटरीच्या प्लसपासून फॅनच्या प्लसपर्यंत किती.
फॅनच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत किती.

बॅटरीचं व्होल्टेजही त्याच वेळी पाहा. तिघांची बेरीज बॅटरीइतकी आली पाहिजे. नाही आली तर मोजण्यात चूक आहे, पुन्हा मोजा.


धरमपेठ ते धंतोली
२१ मे, दुपारी १:०५

काकांचा मुद्दा अगदी बरोबर आहे. ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांच्यासाठी एक सांगते. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब आणि दोन वायरी, एवढ्यावर टेस्ट लॅम्प होतो. तो पावणेदोन अँपिअर खरोखर ओढतो. खराब जोडावर हा बल्ब मिणमिणतो, मीटरसारखा फसत नाही. एअरबॅग आणि ईसीयूच्या वायरींना मात्र तो कधीही लावू नका, तिथं एवढा करंट गेला तर आतलं जळू शकतं.

@मानेवाडा चौक, मोटार बदलली आहे म्हणून आणखी एक पाहा. डीसी मोटारीच्या वायरी उलट्या जोडल्या तर फॅन उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या हवेशीच भांडतो. माझ्या वडिलांच्या गाडीत हेच झालं होतं, महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. फॅन जोरात फिरत असताना समोरच्या जाळीवर वर्तमानपत्राचा कपटा धरा. तो जाळीला चिकटला पाहिजे. उडून आला तर वायरी उलट्या आहेत.


मानेवाडा चौक
२१ मे, सायंकाळी ६:५०

ऑफिसमधून आल्या-आल्या मोजलं. भावानं कागदावर लिहून घेतलं, मी पिना धरल्या.

बॅटरी १२.३
फॅनच्या दोन वायरींमध्ये ३.७
बॅटरी प्लस ते फॅन प्लस ८.५
फॅन मायनस ते बॅटरी मायनस ०.१

बेरीज बरोबर १२.३! काका, आकडे पाहून मलाच धक्का बसला. मोटारीला पावणेचार व्होल्टसुद्धा मिळत नाहीत. सकाळी याच वायरीत १२.३ होते.

@धरमपेठ ताई, कागद चिकटतो का ते आत्ता कळणार नाही, फॅनला तेवढा जोरच नाही. पण फिरण्याची दिशा बरोबर आहे, पात्यांचा बाक पाहून खात्री केली.


बुटीबोरी शिफ्ट
२१ मे, सायंकाळी ७:१०

बाप्पा! साडेआठ व्होल्ट वाटेतच खाऊन राहिला. माझा सकाळचा सल्ला मागे घेतो. मोटार परत करायला गेले असते तर दुकानदारानं बॅटरीवर फिरवून दाखवली असती आणि भांडण झालं असतं.


कोराडीचे काका
२१ मे, सायंकाळी ७:४०

शाब्बास. आकडे सुरेख घेतले. अर्थची, म्हणजे मायनसची बाजू निर्दोष आहे, ०.१ म्हणजे काहीच नाही. चोर प्लसच्या बाजूला आहे. आता बॅटरीच्या प्लसवर एक पिन कायम ठेवा आणि दुसरी पिन एक-एक ठाणं पुढं सरकवत न्या: फ्यूजच्या आत जाणारी बाजू, फ्यूजमधून बाहेर पडणारी बाजू, रिलेच्या ३० वर येणारी वायर, ८७ वरून निघणारी वायर. चांगल्या रस्त्यावर प्रत्येक टप्प्याला पॉइंट शून्य-काही, फार तर पॉइंट एक-दोन व्होल्ट वाढतील. आकडा जिथं एकदम उडी मारेल, तिथं चोर.

३० आणि ८७ चं माप फ्यूज बॉक्सच्या खालच्या बाजूनं, वायरीवरच घ्या. बॉक्स उचलण्याआधी बॅटरीचा मायनस काढा, बॉक्स मोकळा झाला की परत लावा. खालचे प्लस टर्मिनल बॉडीला टेकले तर ठिणगी उडते. घाई नको, उद्या उजेडात करा.


उमरेड रोड
२१ मे, रात्री ८:२०

काका, एक शंका. रिलेच खराब असेल तर? टिक आवाज येतो म्हणून रिले चांगला असं धरता येईल का?


कोराडीचे काका
२१ मे, रात्री ८:४५

अजिबात नाही, चांगला प्रश्न विचारला. टिक म्हणजे कॉइलनं पत्ती ओढली, इतकंच. पत्तीवरचे कॉन्टॅक्ट जळून खवले झाले असतील तरी टिक तितकीच खणखणीत येते. मानेवाडाभाऊ, तुमच्या गाडीत हॉर्नचा रिले त्याच मापाचा असेल, वरचे आकडे आणि पिनांची रचना जुळत असेल, तर अदलाबदल करूनही एकदा मोजा. आकडा बदलला तर रिले, नाही बदलला तर सॉकेट.


मानेवाडा चौक
२२ मे, सकाळी ८:३५

सापडलं!!

बॅटरी प्लसपासून:
फ्यूजची आत जाणारी बाजू ०.०४
फ्यूजची बाहेरची बाजू ०.१२
३० वर येणारी वायर ०.२
८७ वरून निघणारी वायर ८.४

०.२ वरून थेट ८.४. हॉर्नचा रिले टाकून पाहिला, ८.३ आलं, म्हणजे तेच. फॅनच्या रिलेवर हॉर्न मात्र ठणठणीत वाजला.

मग मायनस काढून रिले उपसला आणि टॉर्च मारला. ८७ ची पिन निळसर-काळी पडलेली आहे. सॉकेटातली पत्ती चक्क फाकली आहे, दोन ओठ उघडे राहावेत तशी. प्लास्टिक तिथं तपकिरी झालं आहे आणि वास येतो. बाकीच्या तीन पत्त्या घट्ट आहेत. जवळच राहणाऱ्या मित्राकडे डीसी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) होता, त्यानं काल रात्री फॅनच्या वायरवर लावला होता, ३ अँपिअर दाखवत होता.


धरमपेठ ते धंतोली
२२ मे, सकाळी ९:००

किती छान! क्लॅम्प मीटर विकत घेणाऱ्यांसाठी: बर्डीत स्वस्तात मिळणारे बरेच क्लॅम्प फक्त एसी करंट मोजतात. गाडीच्या वायरवर ते शून्य दाखवतात आणि माणूस समजतो करंटच नाही. डीसी अँपिअरची खूण आहे का ते पाहूनच घ्या.


कोराडीचे काका
२२ मे, सकाळी १०:१०

मानेवाडाभाऊ, आता तुमच्याच आकड्यांवरून पाहा काय चाललं होतं. ८.२ व्होल्ट आणि ३ अँपिअर, म्हणजे जवळजवळ २५ वॉट. रेडिओ दुरुस्तीवाला वापरतो ती सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. तुमच्या फ्यूज बॉक्समध्ये नखाएवढ्या जागेत फॅन सुरू असताना एक सोल्डरिंग आयर्न तापत होती. फ्यूज का उडाला नाही? कारण करंट कमी होता, जास्त नाही. ३० अँपिअरच्या हिरव्या फ्यूजला ३ अँपिअरचं काय भय? फ्यूज शॉर्टपासून वाचवतो, ढिल्या जोडापासून नाही. आमच्याकडे केंद्रात याच कारणासाठी उन्हाळ्यात थर्मल कॅमेरा घेऊन पॅनेलमधले जोड पाहत फिरायचो. ब्रेकर पडत नाही, रिले ओरडत नाही, आणि एक बोल्ट लाल होत असतो.

आता सगळे धागे जुळतात. पत्ती फाकली कशी? त्या सॉकेटात कुणीतरी वायरचा जाड तुकडा किंवा स्क्रू ड्रायव्हरचं टोक घुसवलं असणार. तुमच्याकडे गॅरेजात वायर टाकली, पण दुखणं त्याआधीचं आहे, म्हणजे आधीच्या कधीच्या तपासणीत हे झालं असावं, आणि या वेळी आणखी फाकली. वायर टाकूनही फॅन का फिरला नाही, तेही उघड आहे. वायर त्याच फाकलेल्या पत्तीत होती. चाचणीच आजारी जागेतून केली आणि दोष मोटारीवर आला. मोटारीला बॅटरीवरून दोन वायरी थेट लावल्या असत्या तर अर्ध्या मिनिटात ती सुटली असती. नंतर दोन दिवस बरं का चाललं? रिले काढला-घातला, पिनेवरचा काळा थर थोडा घासला गेला, पत्ती जराशी टेकली. पुन्हा तापली, पुन्हा थर चढला. सकाळी थंडीत बरं, दुपारी वाईट, तेही याचमुळे.

आणि हे मे महिन्यातच का वर आलं? रेडिएटर उष्णता टाकतो ती कूलंट आणि हवा यांच्यातल्या फरकावर. डिसेंबरात सकाळी हवा १२ डिग्री, कूलंट ९५, फरक ८३. आता हवा ४५, फरक ५०, त्यात पुढं एसीचा कंडेन्सर आणखी तापलेली हवा देतो. हिवाळ्यात अर्धमेला फॅनही निभावून नेतो. २५ पासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो आहे, त्याआधी हे उरकून घ्या.

दुरुस्ती अशी करा. पत्ती पक्कडीनं दाबून घट्ट करून चालणार नाही. तापलेल्या पत्तीची स्प्रिंग मेलेली असते, महिन्याभरात परत फाकेल. नवीन ६.३ मिलिमीटरचं मादी टर्मिनल, त्या बॉक्सच्या लॉकचं. वायरचं काळवंडलेलं टोक कापून चकचकीत तांबं लागेपर्यंत मागं जा. दाबून बसवायच्या योग्य पक्कडीनं क्रिंप करा, नुसता सोल्डरचा गोळा नको. प्लास्टिक वितळून आकार बिघडला असेल तर त्या रिलेपुरतं वेगळं सॉकेट लावता येतं. रिलेही नवा घ्या, काळ्या पडलेल्या पिनेवर नवं टर्मिनल लावलं तर तेही खराब होतं.


संत्रानगरी
२२ मे, सकाळी १०:४०

माझा फॅनचा फ्यूज मागच्या वर्षी उडाला होता तेव्हा ३० च्या जागी ४० चा टाकला. काही त्रास नाही अजून. राहू देऊ का?


उमरेड रोड
२२ मे, सकाळी ११:०२

आजच काढा. फ्यूज मोटारीसाठी नसतो, वायरसाठी असतो. ३० चा फ्यूज उडाला तर मोटार जाम होत असेल, बुश घासत असतील किंवा कुठं वायर सोलली असेल. आपल्याकडे इंजिनमध्ये उंदीर शिरून वायरी कुरतडतात, तेही पाहा. ४० टाकून तुम्ही सांगितलं की वायर जळाली तरी चालेल.


मानेवाडा चौक
२४ मे, रात्री ९:१५

काम झालं. सविस्तर लिहितो, पुढं कुणाला उपयोग होईल.

ऑटोमोटिव्ह चौकाजवळ एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. काकांचे आकडे कागदावर लिहून नेले होते. ते पाहून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पत्ती फाकली का?" दहा मिनिटांत बॉक्स उलटा केला, बारीक चपट्या सुईनं लॉक दाबून जुनं टर्मिनल खालून ओढलं. वायर दीड इंच काळी होती, तेवढी कापली आणि तेवढाच त्याच जाडीचा तुकडा जोडून वर स्लीव्ह चढवली. नवीन टर्मिनल, नवीन रिले. प्लास्टिक फक्त रंगानं गेलं होतं, आकार शाबूत होता. सगळे मिळून ४५० रुपये.

नंतरचे आकडे, इंजिन चालू, एसी चालू, फॅन जोरात: बॅटरी १४.०, फॅनवर १३.५, प्लसच्या बाजूचा एकूण ड्रॉप ०.४, त्यात रिले आणि सॉकेटचा ०.१५. आधी तिथंच ८.२ होता.

काल दुपारी अडीच वाजता मुद्दाम बर्डीत गेलो, पार्किंगमध्ये इंजिन आणि एसी चालू ठेवून २० मिनिटं थांबलो. ईसीयूमधले आकडे दाखवणारा ओबीडी स्कॅनर लावला होता. कूलंट ९३ च्या वर गेलं नाही. एसी बंद केला तर ९७ ला फॅन लागला, ९१ ला बंद झाला, पुन्हा ९७ ला लागला. तो आवाज ऐकत बसलो होतो. कपटा जाळीला चिकटतो, ताई.

जुनी मोटार घरी होती, ती बॅटरीला लावून पाहिली. अगदी नीट फिरते. गॅरेजवाल्याला मी काही बोललो नाही, पण पुढच्या वेळी भाग बदलण्याआधी आकडा दाखवा म्हणणार.

काका, तुमचे उपकार मोठे आहेत. आज आईला रामदासपेठेत नेऊन आणलं. परतताना पंचशील चौकात गर्दी होती, ती मागं झोपली होती, एसी थंड होता.


कोराडीचे काका
२५ मे, सकाळी ६:३०

वाचून फार बरं वाटलं. आईंना नमस्कार सांगा. मोजलं तुम्ही, उपकार कसले. ०.१५ चा आकडा गाडीच्या पुस्तकात लिहून ठेवा, तारखेसकट. पुढच्या मे महिन्यात पुन्हा मोजा. ०.५ दिसला तर काटा चढायची वाट पाहू नका.


तर्री पोहा
२५ मे, सकाळी ९:५०

काका, धागा पूर्ण वाचला. काल माझ्या गाडीचा फ्यूज बॉक्स उघडला तर फॅनच्या रिलेखाली प्लास्टिक थोडं तपकिरी आहे. फॅन नीट फिरतो. आणि थर्मोस्टॅट परत बसवायचा तर कूलंट किती लागेल? मी बोअरचं पाणी टाकत आलो आहे.


कोराडीचे काका
२५ मे, सकाळी १०:२०

तपकिरी म्हणजे सुरुवात झाली. भार चालू ठेवून ३० ते ८७ मोजा आणि आकडा इथं लिहा.

बोअरचं पाणी आजपासून बंद. आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड असतं, बादलीत बसतो तो पांढरा खार रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो. आधी साध्या डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा फ्लश करा, मग कूलंट भरा. किती लिटर ते गाडीच्या पुस्तकात असतं, आणि भरल्यावर हवा काढायला विसरू नका. मीटर आहे का तुमच्याकडे?


तर्री पोहा
२५ मे, सकाळी १०:३१

नाही. संध्याकाळी घेऊन येतो. डीसी अँपिअरची खूण पाहूनच.